बांगड्यापुढची हिरवी खूण

सूड घ्यायचा असेल तर आधी आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवावं लागतं. समोरच्याची नोकरी जायला हवी, की त्याने माफी मागायला हवी, की नुसतं त्याचं वाईट झालेलं बघायचंय? मला यातलं काही नको होतं. आमच्या मॅनेजरने त्याच सभागृहात, त्याच मेजरसाहेबांसमोर, स्वतःच्या तोंडाने तीन शब्द म्हणावेत, एवढंच मला हवं होतं: "हे झालेलं नाही." त्यासाठी एक अख्खा पावसाळा गेला. कसे मिळवले ते शब्द, ते लिहिते. मी काही लपूनछपून केलं नाही, त्यामुळे लिहायलाही संकोच नाही.

मी डिचोली तालुक्यात मुळगावला राहते आणि नोकरीला पेडण्याच्या औद्योगिक वसाहतीत जाते. कंपनीची मिनीबस अस्नोड्याला येते, तिथून मी चढते. कंपनी लहान आहे, सॉफ्टवेअर करते. मी पूर्वी प्रोग्रॅम लिहायचे; गेली काही वर्षं प्रकल्प सांभाळते. कोण काय करणार, कधीपर्यंत करणार, कोणाचं कशामुळे अडलंय, हे बघणं माझं काम. मला ते जमतं, कारण घरीही मी तेच करते. गॅसचा सिलिंडर, सासऱ्यांच्या गोळ्या, विहिरीच्या पंपाचा मेकॅनिक, सगळं यादीत असतं आणि झालं की त्यावर रेघ पडते. झाल्याशिवाय रेघ पडत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि त्यावरूनच पुढचं सगळं झालं.

आमच्याकडे सैन्याचं एक काम आलं होतं. तळ कुठला ते लिहीत नाही, लिहायचं नसतं. त्या तळावर गाड्यांच्या सुट्या भागांची दोन भांडारं होती: एक टेकडीवर, मोठं, एक खाली, शेडमध्ये. खालच्या शेडमधून पाण्याचा एक पंप कोणाला दिला, की वरच्या भांडाराला ते कागदाने कळायचं, कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्याने. तोवर वरचे लोक समजायचे, पंप आहे. गाडी यायची, पंप नसायचा. आम्ही असं काही करायचं होतं की खाली वस्तू दिली की वरचा आकडा तिथल्या तिथे कमी व्हावा. आमच्या बोलण्यात त्याला 'मेळ' म्हणायचे. बाकी पन्नास गोष्टी होत्या, पण खरं काम हा मेळ.

सैन्याची रीत अशी की सगळं आधी लिहून द्यायचं. जाडजूड दस्तऐवज, पानापानावर सही, मग काम सुरू, आणि पुष्कळ काळाने एकदम माल. आमची रीत अजाइल. म्हणजे काम लहान तुकड्यांत करायचं, दर पंधरवड्याला चालतं असं काहीतरी वापरणाऱ्याच्या हातात द्यायचं, तो काय म्हणतो ते ऐकायचं आणि पुढचा तुकडा घ्यायचा. दोन रीती एकत्र नांदणार नाहीत असं सगळेच म्हणत होते, आणि त्याला कारणही होतं. तळावरची यंत्रं बाहेरच्या जगाला जोडलेली नसतात. पेनड्राइव्ह चालत नाही. फोन गेटवर ठेवायचा. नवीन प्रोग्रॅम द्यायचा तर तो डिस्कवर घालायचा, डिस्क लिफाफ्यात, लिफाफा सीलबंद, सोबत पत्र. मग त्यांचे लोक ती डिस्क वेगळ्या यंत्रावर तपासणार, मगच आत बसवणार. हे दर पंधरवड्याला कोण करील?

मी केलं. पहिले काही महिने मीच डिस्क घेऊन जायचे. गेटवरच्या जवानांना माझा चेहरा पाठ झाला. आत भांडाराचे हवालदार असायचे, वेंगुर्ल्याकडचे. आमचं पहिल्याच दिवशी जुळलं, कारण मी डबा उघडला आणि त्यांनी वासावरून विचारलं, "किसमूर काय हो?" सुक्या बांगड्याचं किसमूरच होतं. त्यानंतर डिस्कबरोबर एक डबाही जायला लागला. हवालदार प्रोग्रॅम चालवून बघायचे आणि तोंडावर सांगायचे, "ह्या बटण खंय लपवलास? चश्मो लावून पण गावना नाय." मी लिहून घ्यायचे, पुढच्या पंधरवड्याला बटण मोठं होऊन यायचं. मेजरसाहेब, म्हणजे भांडाराचे प्रमुख, सुरुवातीला संशयाने बघायचे. मग तेच इतरांना सांगू लागले की बघा, मागितलं ते पंधरा दिवसांत मिळतं.

ऑफिसात आमच्या भिंतीवर एक फळा होता. तीन रकाने: करायचंय, चाललंय, झालं. प्रत्येक कामाची एक रंगीत चिठ्ठी. चिठ्ठी 'झालं'मध्ये कधी जाणार याचा नियम मी केला होता: हवालदारांनी आपल्या यंत्रावर, आपल्या हाताने ते वापरलं की. आमच्या पोरांनी कितीही सांगितलं की "मॅडम, झालं, माझ्याकडे चालतंय," तरी चिठ्ठी हलत नसे. रोज सकाळी फळ्यासमोर आम्ही गोल करून उभे राहायचो. मी प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारायचे. काल काय केलं? आज काय करणार? कुठे अडलंय? चहा गार व्हायच्या आत सगळं आटपायचं. दिवसातली ती वेळ मला फार आवडायची.

मग मॅनेजर आला. म्हापशाचा, वयाने माझ्याहून लहान, काही वर्षं परदेशात काढून परतलेला. मालकांनी त्याला मोठ्या अपेक्षेने आणला होता. त्याने पहिल्या आठवड्यात फळा बघितला आणि विचारलं, "हा मेळ अजून 'करायचंय'मध्ये का?"

मी सांगितलं, "अवघड आहे, सर. दोन्हीकडून एकाच वेळी नोंद झाली तर कोणती खरी धरायची, हे अजून सुटलेलं नाही."

"आणि दर वेळी ही डिस्कची यात्रा कशाला? लॅपटॉपवर दाखवा. दिसलं की पुरे."

त्याचा शब्द तो होता: दिसलं की पुरे. पुढच्या पंधरवड्यापासून डिस्क बंद झाली. मॅनेजर एक लॅपटॉप खास परवानगी काढून तळावरच्या सभागृहात न्यायचा आणि मोठ्या पडद्यावर दाखवायचा. बटणं तोच दाबायचा. हवालदार मागच्या रांगेत बसून बघायचे.

एका सकाळी मी आले तर मेळाची चिठ्ठी 'झालं'मध्ये. मी आमच्या पोरांना विचारलं. एकाने खाली बघत सांगितलं की मागे काहीच नाही, मॅडम. क्रमांक टाकला की पुढे हिरवी खूण उमटते, एवढंच करायला सांगितलंय. खरं ते मागून भरू, असं सर म्हणालेत.

त्याच आठवड्यात सभागृहात दाखवणं होतं. मॅनेजरने पडद्यावर एक क्रमांक टाकला. हिरवी खूण उमटली. "मेळ जुळला," तो म्हणाला. मेजरसाहेब खूश झाले. समोर मी बसले होते, म्हणून त्यांनी सहज मलाच विचारलं, "तर मॅडम, हे झालं म्हणायचं?"

मी म्हटलं, "अजून नाही, सर. पडद्यामागचं काम बाकी आहे."

मग मॅनेजर हसला. त्याला हसायला छान येतं. "सर, आमच्या मॅडमना घरच्या बाजाराच्या याद्या करायची सवय आहे. कोथिंबीर आली नाही तर त्यांच्याकडे जेवण झालं असं धरत नाहीत. तुम्ही मनावर घेऊ नका. आंटी, तुमची कोथिंबीर मी आणून देतो हं!"

सगळे हसले. मेजरसाहेब हसले. चहा घेऊन आलेला जवानही हसला. मी हातातला पेन बंद केला. मी तिथेच, बसल्या जागी ठरवलं की हा माणूस याच खोलीत, यांच्याचसमोर, मी म्हटलं तेच म्हणणार.

गाडीत बसण्यापूर्वी त्याने मला सांगितलं की उद्यापासून दस्तऐवजांचं काम तुमच्याकडे. "तुम्हाला लिहायला आवडतं ना, आंटी? सैन्याला कागद लागतात. अजाइलमध्ये कागदाला किंमत नाही, पण त्यांच्या समाधानासाठी कोणीतरी लिहायला हवं." दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर माझ्या जागी तो उभा होता. मी कोपऱ्यातल्या मेजावर बसून ऐकत होते. तीन प्रश्नही विचारत नव्हता. "सगळं झकास ना?" एवढंच विचारायचा, आणि पोरं माना डोलवायची.

मालकांकडे गेले. मालक वाईट माणूस नाही, पण त्यांना भांडण नको असतं. मी म्हटलं, "मेळ झालेला नाही. आपण खोटी खूण दाखवलीय."

ते म्हणाले, "बाय, तो भरणार आहे ना मागून? मग झालं तर. तू आणि तो, दोघांनी सांभाळून घ्या."

मेजरसाहेबांना थेट सांगावं असं मनात आलं. सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मी नीट मांडून बघितलं. मॅनेजर म्हणाला असता, किरकोळ दोष आहे, दोन दिवसांत काढतो. आणि माझं बोलणं एका दुखावलेल्या बाईची तक्रार म्हणून राहिलं असतं. कोथिंबिरीची गोष्ट पुन्हा निघाली असती. शिवाय मला ते शब्द माझ्या तोंडून नको होते. ते मी एकदा म्हणून झाले होते.

त्या महिन्यात मॅनेजरने सगळ्यांना मोरजीला जेवायला नेलं. मेळ झाल्याचा आनंद म्हणून. समुद्र खवळलेला होता, हॉटेलात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. माझ्या ताटात विसवण, मी शांतपणे काटे काढत होते. त्याने ग्लास वर केला आणि म्हणाला, "आंटी, तुमच्या यादीत हसणं नाही वाटतं?"

"आहे, सर," मी म्हटलं. "शेवटच्या ओळीला आहे."

त्याला तो विनोद वाटला. पोरंही हसली. मी नाही हसले.

मार्ग सापडला चतुर्थीला, आणि तो सापडला घरच्या माटोळीखाली. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातलं, बागेतलं जे जे त्या दिवसांत पिकतं ते बांधतात: सुपारीचा घड, आंबाडे, चिबूड, तोरिंजण, कांगलां, नारळाची पेंड. बांधायचा मान थोरल्या जाऊबाईंचा. त्यांचं वय झालंय, पण स्टुलावर त्या स्वतः चढतात. मी खालून एकेक वस्तू देते, त्या हाताने दाबतात, नखाने टोचतात, वास घेतात, मग बांधतात. माझा नवरा पूर्वी सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी थांबल्यापासून त्याचा वेळ बाजारात जातो आणि बाजारात तो फसतो. त्याने म्हापशाहून तोरिंजणांचा, म्हणजे लिंबाच्या जातीच्या मोठ्या फळांचा, एक घोस आणला होता, पिवळाधमक. मी तो पुढे केला. जाऊबाईंनी अंगठ्याने दाबला आणि थांबल्या.

"ह्यां कोणे हाडलां?"

"मी," नवरा म्हणाला. "कशी बरी दिसतात बघ."

"दिसतात तर बरीच. पिळून दाखय, रस काढ माका." घोस त्याच्या अंगावर आला. प्लास्टिकचा होता. "दिसपाचां माका सांगू नको. देवाच्या माथ्यावर हाताक लागता तांच चडता."

"वयनी, कोण बघतंय वर?"

"मी दाबतंय मां? मग जालां तर."

नवरा प्लास्टिकची तोरिंजणं घेऊन मागच्या दारी गेला. मी आंबाडे वर देत राहिले, पण माझं लक्ष जाऊबाईंच्या अंगठ्यावर होतं. लॅपटॉपवरच्या दाखवण्यात सगळं होतं, फक्त दाबून बघणारा अंगठा नव्हता. दाबत होता तो स्वतः विकणाराच. अंगठा हवालदारांचा हवा.

तो अंगठा तिथवर न्यायचं काम मॅनेजरने मला स्वतःहून देऊन ठेवलं होतं. प्रकल्पाचा पहिला मोठा टप्पा सैन्याने स्वीकारायचा होता, आणि त्या स्वीकृतीच्या चाचणीची कार्यपद्धती लिहायची होती. दस्तऐवजांची बाई मीच. चतुर्थीची सुट्टी संपवून मी गेले आणि ती लिहायला बसले.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. सैन्यात सही झालेला कागद हा कागद नसतो, तो हुकूम असतो. कलमात जे लिहिलंय ते तसंच्या तसं होतं. कोणी म्हणत नाही की चला, समजून घेऊ. आणि आमच्या धंद्यात अजाइलवाल्यांची एक जात अशी आहे की चालतं सॉफ्टवेअर कागदापेक्षा मोठं, हे वाक्य ते शिकतात आणि त्याचा अर्थ कागद वाचायचाच नाही असा घेतात. चालतं सॉफ्टवेअर हवं, हा त्याच वाक्यातला पहिला भाग ते विसरतात. आमचा मॅनेजर त्या जातीचा.

मी लपवून काही घातलं नाही. पहिल्याच पानावर, वरच्या बाजूला चार कलमं. प्रात्यक्षिक भांडाराच्या स्वतःच्या यंत्रांवर होईल, डिस्क आधी पाठवून बसवली जाईल. कळफलकावर भांडाराचा माणूस बसेल. प्रात्यक्षिक चालू असताना कंपनीचा कोणीही यंत्राला हात लावणार नाही. कोणती वस्तू आणि कोणता क्रमांक वापरायचा, हे भांडाराचा माणूस त्या वेळी ठरवील. खाली बाकीची वीस पानं.

त्याच्या मेजावर नेऊन ठेवलं. म्हटलं, "सर, एकदा वाचून घ्या. सहीनंतर बदलता येणार नाही."

"आंटी," तो फोनवरून नजर न काढता म्हणाला, "अजाइलमध्ये कागद कोण वाचतो?"

"पहिलं पान तरी."

"तुमच्यावर विश्वास आहे हो!" आणि सही केली. पेनही माझाच घेतला. मी तो पेन परत मागून घेतला.

मेजरसाहेबांनी मात्र वाचलं. अक्षर न् अक्षर. त्यांनी फोन करून मला विचारलं, "मॅडम, कलम दोनमध्ये कळफलकावर आमचा माणूस म्हणजे कोण?"

"तुम्ही ठरवाल तो, सर. पण रोज वापरणार हवालदार, म्हणून तेच बरे."

"मंजूर," ते म्हणाले, आणि त्यांचीही सही झाली.

चाचणीला अजून दोन पंधरवडे होते. मेळ भरायचा असता तर तेवढा वेळ पुरला असता. हे मी मुद्दाम लिहिते. मी कोणाचा दोर कापला नाही. रोज सकाळी फळ्यासमोर तो विचारायचा, सगळं झकास ना, आणि चिठ्ठी 'झालं'मध्ये लटकत राहायची. मी कोपऱ्यातून ऐकायचे आणि मला दर दिवशी थोडं अधिक बरं वाटायचं. ठरल्याप्रमाणे मी डिस्क तयार करून घेतली, सील केली, पत्र जोडलं आणि स्वतः गेटवर नेऊन दिली. पुष्कळ दिवसांनी गेले म्हणून जवानांनी विचारपूस केली.

चाचणीच्या दिवशी मालकही आले होते, नव्या शर्टात. गेटवर मॅनेजरने लॅपटॉपची बॅग पुढे केली. जवानाने यादी बघून मान हलवली: आज लॅपटॉपची परवानगी नाही.

"दर वेळी असते," मॅनेजर म्हणाला.

"आज कलम एकप्रमाणे, सर."

तो माझ्याकडे वळला. "हे काय?"

"पहिल्या पानावर आहे, सर," मी म्हटलं.

सभागृहात या वेळी त्यांचं स्वतःचं यंत्र मोठ्या पडद्याला जोडलं होतं. हवालदार पुढच्या खुर्चीत, दाढी ताजी, चष्मा पुसून घेतलेला. मेजरसाहेबांच्या हातात माझी कार्यपद्धती, पहिलं पान वर. बसल्या बसल्या मॅनेजरने पाणी मागितलं.

हवालदारांनी खालच्या शेडमध्ये फोन लावून पाण्याचा एक पंप द्यायला आणि तिथल्या यंत्रावर नोंदवायला सांगितलं. इथे वरच्या यंत्रावर पंपाचा क्रमांक टाकला. हिरवी खूण उमटली, मेळ जुळल्याची. आकडा होता तसाच.

"एक कमी व्हायला पाहिजे होता," मेजरसाहेब म्हणाले.

"नेटवर्क, सर," मॅनेजर म्हणाला. "जरा थांबलं की..."

थांबलो. हवालदारांनी पुन्हा क्रमांक टाकला. खूण हिरवी, आकडा तोच. मॅनेजर खुर्चीवरून उठला आणि त्याचा हात कळफलकाकडे गेला.

"हात लावू नका," मेजरसाहेब म्हणाले. आवाज चढवला नाही. बोट पानावर ठेवलं. "कलम तीन."

तो बसला. हवालदारांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी कसलीही खूण केली नाही. मला करायची गरजच नव्हती. त्यांना काय सुचलं ते त्यांनाच ठाऊक. कलम चारप्रमाणे वस्तू ते ठरवणार होते. त्यांनी क्रमांकाच्या जागी एकेक अक्षर शोधून, सावकाश, इंग्रजी अक्षरांत टाइप केलं: बांगडा.

पडद्यावर बांगडा. त्याच्यापुढे हिरवी खूण. मेळ जुळला.

सगळ्यात आधी चहावाला जवान हसला. तोच, जो मागच्या वेळी हसला होता. मग सगळे. हवालदार गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "साहेब, खालच्या शेडीत बांगडे इलेत वाटता. माका कोणी सांगूक नाय."

मेजरसाहेब मराठी नव्हेत, पण बांगडा त्यांना कळत होता. तेही हसले, मग थांबले, आणि मग ते अजिबात हसत नव्हते. "म्हणजे गेल्या वेळी मला दाखवलं ते हेच?" त्यांनी कागद खाली ठेवला. "मी तुमच्या खुणेवर भरवसा ठेवून गाडी पाठवली असती तर? मला एका वाक्यात सांगा. हा मेळ झालाय की नाही?"

मॅनेजरने मालकांकडे बघितलं. मालक आपल्या बुटांकडे बघत होते. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, म्हणून मी क्षणभर थांबून बघितलं. नाही वाटलं.

"हे झालेलं नाही, सर," तो म्हणाला.

मी पेन उघडला आणि ते वाक्य लिहून घेतलं. इतिवृत्त लिहिणं माझंच काम होतं. शेवटची ओळ होती ती, आणि मी तिथे हसले.

परतताना गाडीत मालक माझ्या शेजारी बसले. गाडी सुटल्यावर म्हणाले, "तुला सगळं ठाऊक होतं."

"हो. तुम्हालाही होतं. चतुर्थीच्या आधी मी तुमच्याकडे आले होते."

"पण कंपनीचं नाव..."

"नाव माझं गेलं तेव्हा तुम्ही म्हणालात, सांभाळून घ्या. मी सांभाळून घेतलं."

दुसऱ्या दिवशी मेजरसाहेबांचं पत्र आलं: टप्पा स्वीकारलेला नाही, पुढचं काम पुन्हा दर पंधरवड्याला डिस्कवर द्यावं, आणि ते पूर्वीच्या मॅडमनी सांभाळावं. मॅनेजरला काढतील असं ऑफिसात सगळ्यांना वाटत होतं. पण तळावर जायची परवानगी मिळायला महिने लागतात, आणि आमच्यात ती असलेली माणसं मोजकी. त्याला काढून नवा आणला तर काम बुडालं असतं. तेव्हा तो राहिला, माझ्या हाताखाली. मालकांनी भीत भीत विचारलं की चालेल ना तुला.

चालेल का? मी पेढे वाटले असते.

पहिल्या सकाळी मी फळ्यासमोर माझ्या जागी उभी राहिले. मेळाची चिठ्ठी 'झालं'मधून काढून 'करायचंय'मध्ये लावली आणि तिच्यावर त्याचं नाव लिहिलं. मग सगळ्यांना विचारत गेले, आणि त्याला शेवटी.

"काल काय केलं?"

"मॅडम, काल तर..."

"काल काय केलं?"

"काही झालं नाही."

पुढचे पंधरवडे मी त्याला रोज विचारलं. एखाद दिवशी चहा पूर्ण गार व्हायचा, मी थांबायचे. तो हुशार आहे, हे मी कधी नाकारलं नाही. दोन्हीकडून एकाच वेळी नोंद आली तर काय, हे त्यानेच शेवटी सोडवलं. डिस्क तयार झाली तेव्हा मी ती त्याच्या हातात दिली. तो सीलबंद लिफाफा आणि पत्र घेऊन गेटवरच्या रांगेत उभा राहिला, फोन जमा करून, उन्हात, मी पूर्वी उभी राहायचे तसा. संध्याकाळी हवालदारांचा निरोप आला: खाली पंप दिला, वर एक कमी झाला. बांगडा टाकून बघितला, लाल झाला.

दुसऱ्या सकाळी सगळे खुशीत होते. मी चिठ्ठी 'झालं'मध्ये लावली, खरी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यालाही बरं वाटलेलं दिसत होतं. गोल मोडायच्या बेतात तो जरा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, आता झालं ना आपलं?"

मी फळ्याकडे वळले. 'करायचंय'मध्ये सगळ्यात खाली एक चिठ्ठी कधीची पडून होती. भांडारातल्या जुन्या, गंजलेल्या, क्रमांक पुसलेल्या सगळ्या भागांची नव्याने नोंद. कोणाला नको असलेलं काम. खालच्या शेडमध्ये जाऊन, धुळीत बसून, हवालदारांच्या बरोबर एकेक वस्तू हातात धरून करायचं. मी तिच्यावर त्याचं नाव लिहिलं आणि चिठ्ठी 'चाललंय'मध्ये लावली.

"आज काय करणार, सर?" मी विचारलं.